पुढे जाणाऱ्याची किंमत कोण चुकवतो?

थीम पार्कमधल्या प्रत्येक गर्दीच्या राइडवर एक जागा अशी असते, जिथे दोन रांगा एकत्र येतात. एका बाजूने तास-दीड तास ताटकळून पाय दुखायला लागलेली माणसे येतात, दुसऱ्या बाजूने दहा मिनिटांपूर्वी आत शिरलेली. मधे एक कर्मचारी उभा असतो आणि हाताने खूण करत इकडचे काही, तिकडचे काही असे सोडत असतो. राइड कितीही भव्य असो, तिथला न्याय-अन्याय या दोन पावलांच्या जागेत ठरतो. रांग टाळण्याचा पास फुकट असावा की विकत, हा वाद जगभर गेली पंचवीस वर्षे चालू आहे आणि बहुतेक वेळा तो पासच्या किमतीभोवतीच फिरतो. पास महाग की स्वस्त हे नंतर पाहता येईल. त्याआधी हे विचारायला हवे की एक माणूस पुढे गेला, तर त्याची किंमत नेमकी कोण चुकवतो.

हिशेब सोपा आहे. समजा, एका रोलर कोस्टरवर तासाला १५०० माणसे बसू शकतात. गाड्या किती, गाडीत जागा किती, पट्टे तपासायला वेळ किती लागतो आणि दोन गाड्यांमध्ये अंतर किती ठेवावे लागते, यांवर हा आकडा ठरतो. पास विकल्याने तो एकानेही वाढत नाही. साध्या रांगेत १५०० माणसे असतील, तर शेवटच्या माणसाचा नंबर तासाभरात लागायला हवा. पण मधल्या त्या कर्मचाऱ्याला सांगितलेले असेल की पासवाले १००० सोडलेस की साध्या रांगेतले ५०० सोड, तर त्याच माणसाला तीन तास लागतात. हे वरचे दोन तास पार्कने आपल्या पदरचे दिलेले नाहीत. ते मागे उभ्या असलेल्यांकडून काढून पुढे जाणाऱ्यांना दिले आणि त्या व्यवहाराचे पैसे पार्कने घेतले. ज्यांचा वेळ गेला, त्यांना कुणी विचारलेही नाही.

यावर कुणी म्हणेल, पास नसता तर ही १००० माणसेही त्याच रांगेत उभी राहिली असती. राहिली असती, पण तुमच्यानंतर आलेली तुमच्या मागे राहिली असती. शिवाय त्यांतली कितीतरी जण दोन तासांचा फलक बघून दुसरीकडे वळली असती. हातात पास असला की माणूस एकाच दिवसात गर्दीच्या सगळ्या राइड करून घेतो. म्हणजे जागा तेवढीच राहते आणि मागणी वाढते.

अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमध्ये या बाबतीतले जवळजवळ सगळे प्रयोग होऊन गेले आहेत, म्हणून तिथला इतिहास थोडा तपशिलात पाहण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले. त्यानंतर बरीच वर्षे तिथे तिकिटांच्या पुस्तिका चालत. राइडचे ए, बी, सी असे दर्जे असत, आणि १९५९ मध्ये सगळ्यात वरच्या राइडसाठी ‘ई’ तिकीट आले. चांगल्या राइडला जास्त पैसे मोजावे लागत, ही गोष्ट तेव्हाही होतीच. पण ‘ई’ तिकीट हातात असलेल्या सगळ्यांची रांग एकच होती. पैसे राइडचे पडत, दुसऱ्याच्या पुढे जाण्याचे नव्हे. १९८२ मध्ये पुस्तिका बंद झाल्या आणि एकदा आत शिरले की सगळ्या राइड त्याच पैशात, अशी पद्धत आली. आता पार्कच्या आत कुणाला काय मिळणार, हे पूर्णपणे रांगेवर येऊन पडले. रांगेचे ओझे तेव्हापासून वाढत गेले.

१९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला. राइडजवळच्या यंत्रात प्रवेशाचे तिकीट घातले की एक चिठ्ठी बाहेर येई, तिच्यावर तासाभराची एक वेळ छापलेली असे. त्या वेळेत परत यायचे आणि छोट्या रांगेतून आत जायचे. मधल्या वेळात फिरा, खा, दुसऱ्या राइडला जा. एक चिठ्ठी घेतली की ठरावीक वेळ जाईपर्यंत दुसरी मिळत नसे. या सगळ्याला वेगळे पैसे नव्हते. पार्कचा स्वार्थ त्यात होताच, कारण रांगेत अडकलेला माणूस ना जेवण विकत घेतो ना खेळणी. पण तो स्वार्थ पाहुण्याच्या सोयीच्या आड येत नव्हता.

मी या फुकट पद्धतीच्या बाजूने आहे, म्हणूनच तिचे दोष लपवणे बरे नाही. घरातल्या एकाने सगळ्यांची तिकिटे घेऊन पार्कच्या दुसऱ्या टोकाला धावायचे, हे सर्रास चाले. ज्याला खाचाखोचा माहीत, तो दिवसभरात बऱ्याच चिठ्ठ्या मिळवी आणि पहिल्यांदाच आलेल्या कुटुंबाला दुपारपर्यंत ते यंत्र कशासाठी आहे हेही उमगत नसे. साधी रांग फुकट चिठ्ठीमुळेही लांबते, वरचा हिशेब तिलाही लागू आहे. पुढे २०१३-१४ च्या सुमारास फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये फास्टपास प्लस आला. मनगटावर पट्टा, फोनवर आगाऊ आरक्षण. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना हे आरक्षण ६० दिवस आधी करता येई, बाकीच्यांना ३० दिवस आधी. पास फुकटच होता, पण चांगल्या वेळा हॉटेलचे बिल भरणाऱ्यांनी आधीच उचललेल्या असत. मग ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ या राइडसाठी फोनवरून नंबर लावायची सोय आली, तीही फुकट. सकाळी ठरलेल्या वेळेला त्या दिवसाचे नंबर खुले होत आणि काही सेकंदांत संपत. जलद फोन आणि सराईत बोटे असलेल्यांचे फावले. पैशाची जागा माहितीने, चपळाईने आणि यंत्राने घेतली, तरी दुर्बळ मागे राहतोच.

हे सगळे मान्य करूनही फुकट आणि विकत या दोन पद्धतींत एक मूलभूत फरक उरतो. फुकट पद्धतीत प्रत्येकाच्या हातात सारखाच वाटा असतो. एका राइडवर तुम्ही माझ्या पुढे जाता, तेव्हा मी तुमच्यासाठी थांबतो. दुसऱ्या राइडवर माझी चिठ्ठी असते, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी थांबता. दिवस संपेपर्यंत हे देणे-घेणे बऱ्यापैकी फिटते. विकतच्या पासात ते कधीच फिटत नाही. सकाळच्या पहिल्या राइडपासून रात्रीच्या शेवटच्या राइडपर्यंत तीच माणसे पुढे जातात आणि तीच माणसे थांबतात. थांबणाऱ्यांचे तिकीट मात्र पूर्ण किमतीचे असते.

महासाथीत, मार्च २०२० मध्ये पार्क बंद पडले आणि फास्टपासही थांबला. पार्क उघडले, फास्टपास परत आला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात त्याची जागा जिनी प्लस या विकतच्या पासाने घेतली, माणशी दिवसाला १५ डॉलर. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात तेच २० डॉलरला आले. सगळ्यात लोकप्रिय राइड त्यातून वगळल्या होत्या, त्यांचे वेगळे पैसे. पॅरिसच्या डिस्नेलँडनेही त्याच वर्षी फुकटचा फास्टपास बंद करून राइडमागे पैसे घेणे सुरू केले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पासांची नावे बदलली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वांत वरचा प्रीमियर पास आला. सुरुवातीला कॅलिफोर्नियात तो माणशी ४०० डॉलरचा होता, फ्लोरिडात पार्क आणि दिवसाप्रमाणे १२९ ते ४४९ डॉलरचा. चौघांच्या कुटुंबाने फ्लोरिडात सगळ्यात महागड्या दिवशी तो घेतला, तर त्या दराने प्रवेशाच्या तिकिटांखेरीज १७९६ डॉलर होत. वेळ मात्र न सांगता, कधीही जाऊन प्रत्येक राइडवर एकदा पुढे जाता येते. १९९९ च्या चिठ्ठीवाल्याला निदान ठरलेल्या तासात परत यावे तरी लागे. आता तेवढेही बंधन नाही.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणारी कितीतरी मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन डिस्ने वर्ल्ड बघायला ऑर्लँडोला जातात. निघण्याच्या आदल्या रात्री घरात होणारी चर्चा ठरलेली असते. बाबांना उन्हात दोन तास उभे राहवेल का, मुले रडकुंडीला येतील का, एवढ्या लांब येऊन चारच राइड झाल्या तर काय. मग पास घेतला जातो. हौस म्हणून घेणारे थोडे, धास्तीने घेणारे पुष्कळ. ही धास्ती खोटी नसते, कारण साधी रांग खरोखरच लांब असते. आणि ती लांब असण्यात पास घेणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. प्रत्येक कुटुंब स्वतःपुरता शहाणा निर्णय घेते आणि त्या निर्णयांची बेरीज पुढच्या कुटुंबाला तोच पास घ्यायला भाग पाडते. पास घेणाऱ्यांना म्हणूनच मी दोष देत नाही. हा खेळ मांडणाऱ्याने नियम बदलायला हवेत.

फुकट पास देणाऱ्या पार्कला रांग लहान करण्यात फायदा होता. विकत पास देणाऱ्या पार्कचा माल म्हणजेच रांग. साध्या रांगेत दहाच मिनिटे लागत असतील, तर पास कोण घेईल? गर्दीच्या दिवशी पासचा दर चढतो, आणि त्या दिवशी आत किती माणसे सोडायची हे ठरवतो तोच पार्क. कुणी मुद्दाम रांगा लांबवतो असा आरोप मी करत नाही. पण नवी राइड बांधायला, जुनीवर एक गाडी वाढवायला, उघडण्याची वेळ तासाने अलीकडे आणायला खर्च येतो, आणि पास विकायला काहीच खर्च येत नाही. अशा वेळी व्यवस्थापनाच्या बैठकीत कुठल्या बाजूचे पारडे जड होईल, हे सांगायला नको.

विकतच्या पासाचे समर्थक विमानाचा दाखला देतात. बिझनेस क्लास चालतो, मग हे का नको? कारण बिझनेस क्लासमध्ये पैसे भरणाऱ्याला रुंद खुर्ची मिळते, आणि त्यामुळे मागे बसलेल्याचे विमान तीन तास उशिरा पोचत नाही. थीम पार्कने ज्यादा पैशांत ज्यादा वस्तू जरूर द्यावी. चांगले जेवण, सावलीतली बसायची जागा, रात्रीच्या रोषणाईसाठी वेगळा सज्जा, मार्गदर्शकाबरोबरची सहल. यांतले काहीही माझ्या मुलाच्या हिश्श्यातून येत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. पासवाल्यांच्या पैशामुळे प्रवेशाचे तिकीट आवाक्यात राहते, म्हणजे श्रीमंत पुढे जाऊन गरिबाचा खर्च उचलतो, असे सांगितले जाते. तसे असेल तर गर्दीच्या दिवसाचे पैसे दारातच घ्यावेत. डिस्नेलँडने २०१६ पासून दिवसाप्रमाणे वेगवेगळे प्रवेशदर ठेवले आहेतच. दारातला दर घरून निघण्यापूर्वी कळतो, परवडत नसेल तर माणूस मंगळवार-बुधवार निवडतो, आणि जे आत आले त्या सगळ्यांची रांग लहान होते. सुट्टीच्या दिवसाचे तिकीट काहींना महाग पडेल, हे मला दिसते. पण स्वस्त दिवशी आलेल्याला पूर्ण दिवस तरी मिळेल. आतल्या पासाच्या पैशाने नेमके उलटे होते. दार सगळ्यांना उघडे ठेवायचे, पूर्ण तिकीट घ्यायचे आणि आत आल्यावर सांगायचे की खरा दिवस हवा असेल तर पुन्हा पैसे काढा.

रांग टाळण्याचे न्याय्य मार्ग आहेत, आणि त्यांतला एक आपल्याला पंढरपुरात फार जवळून माहीत आहे. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायचे असेल तर पदस्पर्श दर्शनाची बारी. आषाढीला ती कित्येक तासांची असते. ज्याला तेवढा वेळ किंवा ताकद नाही, त्याच्यासाठी मुखदर्शनाची वेगळी, लहान रांग असते. तो लवकर बाहेर पडतो, पण पायांवर डोके ठेवणे सोडून. त्याच्या घाईची किंमत त्यानेच मोजलेली असते, बारीत उभ्या असलेल्या वारकऱ्याने नव्हे. थीम पार्कमधली एकट्यांची रांग याच तत्त्वावर चालते. चौघांच्या गाडीत तिघांचे कुटुंब बसले की एक जागा रिकामी जाते. तिथे एकट्याने बसायला तयार असलेल्याला बोलावतात. आपल्या माणसांसोबत बसण्याचे सुख तो सोडतो आणि त्या बदल्यात लवकर जातो. कुणाचे नुकसान तर नाहीच, वाया जाणारी जागा भरल्याने तासाचा आकडाही खरोखर वाढतो. लहान मूल असलेल्या आई-बाबांपैकी एकाने आधी जायचे, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचे आणि मग अदलाबदल करताना पुन्हा पूर्ण रांग लावायची नाही, ही सोयही अशीच. पुढे जाणाऱ्याने स्वतःचे काहीतरी सोडावे, ही कसोटी मला पुरेशी वाटते. दुसऱ्याच्या वेळेतून कापून घेतलेला पास या कसोटीवर उतरत नाही, मग तो १५ डॉलरचा असो की ४०० चा.

टोकियो डिस्नेलँडमध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदताना दिसतात. २०२२ पासून तिथे राइडमागे पैसे घेणारा पास आहे, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात चाळीसाव्या वर्षाच्या निमित्ताने काही राइडसाठी फुकटचा पासही आला. एवढी गर्दी खेचणाऱ्या ठिकाणी फुकट पास चालवणे जमते, एवढे त्यावरून नक्की कळते. मात्र नव्या, हव्याहव्याशा राइड पैशाच्या पासाकडे आणि जुन्या फुकटच्या पासाकडे, अशी वाटणी झाली की फुकट पास नावापुरता उरण्याचा धोका आहे.

अपंगांची सोय हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. ज्याला उभे राहणे शक्यच नाही, त्याला रांगेबाहेर थांबवून वेळ झाल्यावर बोलावणे ही मेहेरबानी नव्हे, त्याचा हक्क आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या काही श्रीमंत कुटुंबांनी अपंग व्यक्तींना तासाच्या बोलीवर सोबत नेऊन डिस्नेत रांगा टाळल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी डिस्नेने अपंगांसाठीची जुनी कार्डे बंद करून नवी पद्धत आणली. २०२४ मध्ये ती आणखी कडक केली आणि मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली. त्यामुळे इतर आजारांशी झुंजणाऱ्या अनेकांचा आधार गेला, आणि त्यांनी मोठ्या आवाजात तक्रारी केल्या. गैरवापर झाला हे खरे. पण फुकटचा पास सगळ्यांसाठी होता, तेव्हा खोटे बोलून रांग टाळण्याचा मोहही कमी होता. सामान्य माणसासमोर तीन तास किंवा पैसे असे दोनच पर्याय ठेवले की तिसऱ्या दाराकडे लोक वळणारच. मग ते दार बंद होते आणि भरडला जातो तो खरा गरजू.

आपल्याकडे ही पद्धत येऊन बरीच वर्षे झाली. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये एक्सप्रेस तिकीट मिळते, बंगळुरू-कोची-हैदराबादच्या वंडरलामध्ये फास्टट्रॅक. आपल्याला ती परकी वाटली नाही, कारण त्र्यंबकेश्वराला २०० रुपये भरून लवकर दर्शन घेण्याची सवय आपण आधीच लावून घेतली आहे. मंदिरांतल्या व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. अशी खास वागणूक असू नये असे मत न्यायालयाने व्यक्त केले, पण आदेश दिला नाही आणि हा निर्णय समाजाने व मंदिर व्यवस्थापनांनी घ्यावा असे सांगितले. मला ते योग्य वाटते. खाजगी पार्कच्या बाबतीतही सरसकट बंदीची मागणी मी करणार नाही. तिकीट घेणारे आपण आहोत, आपण बोललो पाहिजे.

काय मागायचे, ते मात्र नेमके मागावे. प्रत्येक राइडवर दर १०० जागांमागे पासवाल्यांना किती देणार, हे तिकीट विकण्याआधी संकेतस्थळावर आणि दारातल्या फलकावर लिहावे. ती मर्यादा लहान असावी, वीस-पंचवीसच्या वर नको, आणि गर्दी वाढली म्हणून कर्मचाऱ्याने ती ओलांडू नये. साध्या रांगेचा वेळ ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की त्या दिवशी पास विकणे थांबवावे. एकट्यांची रांग प्रत्येक मोठ्या राइडवर असावी. अपंगांची सोय पासच्या हिशेबात मोजू नये.

आणि शाळांच्या सहली येतात त्या दिवशी हे पास विकूच नयेत. लातूर-परभणीकडची शाळा वर्षभर पैसे गोळा करते, रात्रभर बसचा प्रवास करून पन्नास मुले येतात, संध्याकाळी पाचला त्यांना परत बसमध्ये बसायचे असते. दोन तास उभे राहून एका राइडचा नंबर जवळ आला की शेजारच्या मोकळ्या वाटेने त्यांच्याच वयाची मुले चालत पुढे जातात. बाई, ते कसे गेले, असे पाचवीतला मुलगा विचारतो. रांग मोडू नका, मधे घुसू नका, नंबर आला की जा, हे ज्या बाई त्याला रोज प्रार्थनेच्या वेळी आणि खिचडीच्या वेळी शिकवतात, त्यांना त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या पेचात टाकण्याचा अधिकार कुठल्याही पार्कला नाही.